इंग्लंडमध्ये घरासमोरच्या बागेत गाडीसाठी जागा करायची आहे: नियम नेमके काय आहेत?

मधुमालती (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

लंडनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आम्ही १९३० च्या दशकातले सेमी-डिटॅच्ड घर घेतले आहे. समोर लहानशी बाग, फुटपाथलगत कमरेएवढी विटांची भिंत आणि भिंतीला चिकटून प्रिव्हेटच्या झुडपांचे जुने, दाट कुंपण आहे. गाडी रस्त्यावर लावावी लागते, आणि संध्याकाळी कामावरून परतल्यावर घरापाशी जागा मिळणे हा नशिबाचा भाग असतो. येत्या उन्हाळ्यात सासूबाई आणि सासरे नाशिकहून येणार आहेत. सासऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे त्यांना लांबून चालवत आणणे कठीण जाईल. शिवाय पुढची गाडी विजेवर चालणारी घ्यावी असा विचार आहे, आणि ती घरीच चार्ज करता आली नाही तर तिचा निम्मा फायदा हातचा जातो. म्हणून बाग काढून तिथे गाडीसाठी पक्की जागा करावी, असे आम्ही ठरवले आहे.

एका कंत्राटदाराला बोलावले होते. त्याचे म्हणणे असे की, स्वतःच्या जागेत फरसबंदी करायला कोणाचीही परवानगी लागत नाही. भिंत तो लगेच पाडून देईल, सगळीकडे काँक्रीट ओतून त्यावर नक्षी उठवून देईल, आणि कौन्सिलकडून (स्थानिक पालिकेकडून) कर्ब, म्हणजे फुटपाथची उंच दगडी कड, खाली घेतला जाईपर्यंत रबराचा उतार टाकून गाडी आत-बाहेर करता येईल. आमच्या ओळीतल्या दोन घरांसमोर गाड्या उभ्या असतातच, आणि त्यांपैकी एका शेजाऱ्यांनी आपण कसलाही अर्ज केला नव्हता असे सांगितले.

मोजमाप असे आहे: पुढच्या दारापासून फुटपाथच्या आतल्या कडेपर्यंत ५.२ मीटर आणि रुंदी ६.५ मीटर. रस्त्याला बी क्रमांक आहे आणि त्यावरून बसही जाते. आमच्या भिंतीच्या एका टोकाशी फुटपाथवर कौन्सिलचे झाड आहे. कंत्राटदाराचे म्हणणे कितपत खरे धरावे आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी काय काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नकाशेवाला (प्रतिसाद)

मी एका लहान वास्तुरचना कार्यालयात काम करतो आणि घरमालकांच्या वतीने कौन्सिलकडे अर्ज करणे हा माझा रोजचा उद्योग आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. पुढचे सगळे फक्त इंग्लंडपुरते आहे; स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगळे आहेत.

तुमच्या कंत्राटदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते महागात पडू शकते. या कामात दोन वेगळ्या जमिनी येतात. भिंतीच्या आतली जमीन तुमची. तिच्यावर काय करता येईल हे प्लॅनिंगचा, म्हणजे बांधकामाच्या परवानगीचा, कायदा ठरवतो. भिंतीबाहेरचा फुटपाथ हा सार्वजनिक रस्त्याचा भाग. त्याच्यावरून गाडी नेता येईल की नाही हे हायवे खाते, म्हणजे सार्वजनिक रस्ते सांभाळणारे खाते, ठरवते. एकाने होकार दिला म्हणून दुसऱ्याला तो द्यावाच लागतो असे नाही. लंडनच्या बरोंमध्ये (शहराच्या प्रशासकीय विभागांत) बहुतेक रस्त्यांपुरती ही दोन्ही खाती एकाच कौन्सिलच्या छताखाली असतात, पण जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दुपदरी रचना आहे तिथे प्लॅनिंग डिस्ट्रिक्टकडे आणि रस्ते काउंटीकडे असतात, म्हणजे पत्रव्यवहारही दोन ठिकाणी करावा लागतो.

आधी आतल्या जमिनीचे बघू. इंग्लंडमध्ये काही कामांना कायद्यानेच सरसकट परवानगी दिलेली आहे, तिला परमिटेड डेव्हलपमेंट म्हणतात, आणि सध्या ती २०१५ च्या आदेशात आहे. घराच्या आवारात फरसबंदी करणे त्यात येते. मात्र घराची दर्शनी भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा झाकायची असेल, किंवा तेवढी जुनी फरशी बदलायची असेल, तर एकतर पृष्ठभाग पाणी मुरणारा हवा किंवा त्यावरचे पाणी तुमच्याच आवारातल्या मुरणाऱ्या जागेत जाईल अशी सोय हवी. ही अट १ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहे. साधे काँक्रीट ओतून पाणी रस्त्यावर सोडायचे असेल तर रीतसर प्लॅनिंग परमिशन लागते. तुमच्या ६.५ मीटर रुंदीच्या बागेत ५ चौरस मीटर म्हणजे भिंतीकडेची जेमतेम एक पट्टी, म्हणजे ही अट तुम्हाला लागू आहेच. ही सरसकट परवानगी फक्त घरांना आहे, फ्लॅटना नाही. तुमचे घर पूर्वी कोणी वरखाली दोन फ्लॅटमध्ये विभागलेले असेल तर ती गृहीत धरू नका.

आता ज्या मुद्द्यापाशी घोडे पेंड खाते तो मुद्दा. रस्त्याला नवा प्रवेशमार्ग काढणे हे काम परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये तेव्हाच बसते जेव्हा तो रस्ता ट्रंक रोड (लांब पल्ल्याचा मुख्य रस्ता) किंवा क्लासिफाइड रोड (वर्ग दिलेला रस्ता) नसतो. ए, बी आणि सी हे तिन्ही वर्ग क्लासिफाइडमध्ये मोडतात. सी वर्गाचे क्रमांक रस्त्यावरच्या पाट्यांवर सहसा लिहिलेले नसतात, त्यामुळे साध्या दिसणाऱ्या रस्त्यावर राहणारेही यात सापडतात आणि कौन्सिलच्या नोंदी पाहिल्याशिवाय त्यांना ते कळत नाही. तुमचा रस्ता तर उघड उघड बी आहे. म्हणजे तुम्ही पाणी मुरणारी फरशी घातली तरीसुद्धा प्रवेशमार्गासाठी प्लॅनिंग परमिशन लागणारच. 'परवानगी लागत नाही' हे कंत्राटदाराचे वाक्य मागच्या गल्लीतल्या घराला कदाचित लागू पडेल; तुमच्या घराला ते लागू नाही.

घरमालकाच्या अर्जाचे शुल्क १ एप्रिल २०२५ रोजी २५८ पौंडांवरून ५२८ पौंड झाले, आणि आता ते दर एप्रिलमध्ये महागाईनुसार बदलते. निर्णयाची मुदत आठ आठवडे असते. ज्यांना परवानगीची गरज नाही पण कागद हातात हवा आहे, त्यांनी कायदेशीरपणाचा दाखला, म्हणजे लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, घ्यावा. प्रस्तावित कामासाठी त्याचे शुल्क निम्मे असते आणि पुढे घर विकताना तो उपयोगी पडतो.

याशिवाय चार ठिकाणी डोकावून बघा. तुमचा भाग कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुने रूप जपण्यासाठी राखलेल्या भागात, असेल तर रस्त्यालगतची १ मीटर किंवा त्याहून उंच भिंत पाडायलाही परवानगी लागते. त्या भागावर कौन्सिलने काढलेला आर्टिकल ४ चा आदेश असेल तर एरवीची सरसकट परवानगी काढून घेतलेली असू शकते. घर लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या यादीत, असेल तर त्यासाठीची परवानगी (लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट) हा वेगळाच विषय होतो. आणि लँड रजिस्ट्रीकडून घराच्या मालकीची नोंद मागवून त्यात समोरची बाग मोकळी ठेवण्याविषयी एखादे बंधन लिहिलेले आहे का, हे वाचा. ते बंधन प्लॅनिंगपासून स्वतंत्र असते आणि कौन्सिलची परवानगी मिळाली तरी उठत नाही.

शेवटी एक प्रश्न, कारण उत्तर त्यावर अवलंबून आहे: तुम्ही ५.२ मीटर हे अंतर दारापासून मोजले आहे. १९३० च्या घरांना पुढच्या खोलीला बहुतेक वेळा बे-विंडो, म्हणजे भिंतीबाहेर आलेली खिडकी, असते. तुमच्याकडे ती असेल तर तिच्या सर्वांत पुढे आलेल्या भागापासून अंतर किती भरते? गाडी खिडकीसमोर उभी राहणार असेल तर हायवे खाते तेच अंतर धरते.

हॅरोकर (प्रतिसाद)

नकाशेवाले यांनी आतल्या जमिनीचे सांगितले, मी बाहेरच्या जमिनीचा अनुभव लिहितो. आमचा रस्ता क्लासिफाइड नाही, त्यामुळे आम्हाला प्लॅनिंगचा अर्ज करावा लागला नाही. पण फुटपाथवरून गाडी नेण्यासाठी कर्ब खाली घेण्याचा अर्ज, ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात, तो सगळ्यांनाच करावा लागतो. त्याचा आधार १९८० च्या हायवेज ॲक्टचे कलम १८४ हा आहे. अर्जाचे शुल्क नकार आला तरी परत मिळत नाही, आणि काम कौन्सिल स्वतः करते किंवा तिने मान्यता दिलेल्या कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. खर्च पूर्ण तुमचा, आणि तयार झालेला उतार मात्र सार्वजनिक रस्त्याचाच भाग राहतो.

निरीक्षक आले तेव्हा त्यांनी आधी गाडीची जागा मोजली: लांबी किमान ४.८ मीटर आणि रुंदी २.४ मीटर. काही कौन्सिली ५ मीटर किंवा त्याहून जास्त लांबी मागतात, त्यामुळे तुमच्या कौन्सिलची स्वतःची मार्गदर्शिका पाहावी लागेल. आपली गाडी लहान आहे हा युक्तिवाद कोणी ऐकत नाही, कारण उद्या घर दुसऱ्याने घेतले की त्याची गाडी मोठी असू शकते आणि तिची शेपूट फुटपाथवर येऊन बाबागाडीवाल्यांना रस्त्यावर उतरावे लागते. त्यानंतर त्यांनी चौकापासूनचे अंतर पाहिले, बाहेर पडताना दोन्ही बाजूंचे पादचारी दिसतात का ते पाहिले, आणि मग खाली वाकून फुटपाथवरची झाकणे तपासली. आमची अडचण तिथे निघाली. एका टेलिफोन कंपनीची पेटी नेमकी उतार येणार होता तिथे होती, आणि तिचे झाकण पायी चालणाऱ्यांच्या वजनासाठी होते, गाडीच्या नव्हे. ती मजबूत करून घेण्याचा खर्च आमच्यावर आला, आणि ती कंपनी तारीख देईना म्हणून कौन्सिलचे काम अडून राहिले. कर्ब बसवण्याच्या कामापेक्षा ही वाटाघाटच जास्त चालली. तुमच्या बाबतीत झाड आहे. कौन्सिली झाडाच्या खोडापासून ठरावीक अंतर सोडायला लावतात आणि निरोगी झाड केवळ तुमच्या सोयीसाठी सहसा काढत नाहीत.

प्रत्यक्ष काम पाहण्यासारखे असते. आधी फुटपाथवर रंगाच्या फवाऱ्याने खुणा होतात, मग नेहमीचे कर्ब उचलून मध्ये चार बुटके दगड आणि दोन्ही टोकांना एकेक तिरका दगड बसवतात. एक दगड ९१५ मिलिमीटर लांबीचा असतो, म्हणजे चार दगडांनी साधारण ३.६६ मीटर सपाट तोंड मिळते. बुटक्या दगडाची कड रस्त्याच्या पातळीपासून सुमारे २५ मिलिमीटर वर ठेवतात, म्हणजे पावसाचे पाणी रस्त्याच्या कडेनेच वाहते, तुमच्या दारात येत नाही. त्याखाली फुटपाथचा थरही जास्त जाड करतात.

रबराच्या उताराबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: अजिबात करू नका. आपल्याकडे पुण्या-नाशिकात बंगल्यासमोरच्या गटारावर घरमालक स्वतःच सिमेंटचा उतार घालून मोकळा होतो आणि कोणी काही विचारत नाही, त्यामुळे आपल्याला ही क्षुल्लक गोष्ट वाटते. इथे तो उतार रस्त्यावरचा अडथळा ठरतो. कर्ब खाली न घेता फुटपाथवरून गाडी नेणे बेकायदेशीर आहे, त्यासाठी १८३५ च्या हायवे ॲक्टचे कलम अजून वापरात आहे, आणि तुम्ही नेहमी तसे करत असाल तर हायवे खाते नोटीस देऊन स्वतः उतार बांधू शकते आणि त्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करू शकते. फुटपाथची फरशी फुटली किंवा खालची पाण्याची नळी दबली तर ते प्रकरण वेगळे.

तुमच्या रस्त्यावर परवानाधारकांच्या पार्किंगचे पट्टे आखलेले असतील तर आणखी एक पायरी वाढते. तुमच्या उतारामुळे रस्त्यावरची एक सार्वजनिक जागा कमी होते, म्हणून वाहतुकीचा आदेश बदलावा लागतो, त्यावर हरकती मागवल्या जातात, आणि काही कौन्सिली अशा रस्त्यांवर क्रॉसओव्हर सरळ नाकारतात.

मधुमालती

दोघांचेही मनापासून आभार. टेप घेऊन पुन्हा मोजले. बे-विंडो आहेच, आणि तिच्या पुढच्या कडेपासून फुटपाथपर्यंत ४.५ मीटर भरते. दारासमोर ५.२ मीटर आहेत, पण तिथे गाडी उभी केली तर घरात शिरायला वाट उरत नाही, आणि झाडही त्याच टोकाला आहे.

मग गाडी घराला समांतर, म्हणजे आडवी उभी करता येईल का? रुंदी ६.५ मीटर असल्यामुळे लांबीचा प्रश्न येणार नाही असे वाटते. दुसरे असे की, पाण्याचा मुद्दा काढल्यावर कंत्राटदाराने आता रेझिनचा पृष्ठभाग करून देतो आणि तो पाणी मुरणाराच असतो असे सांगितले आहे. फाटकही बसवावे असा आमचा विचार आहे. यावर कृपया मत द्यावे.

दगडमाती (प्रतिसाद)

मी निचऱ्याच्या कामांशी संबंधित अभियंता आहे. फक्त पाण्याबद्दल लिहितो, कारण लोक ही अट कागदी समजून उडवून लावतात.

२००७ च्या जून-जुलैत इंग्लंडमध्ये मोठे पूर आले. त्यात हल शहराचे उदाहरण बोलके आहे: तिथे नदी फुटली नाही, तर पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारव्यवस्था तुडुंब भरली आणि पाणी घरांत शिरले. त्यानंतरच्या विचारविनिमयातून समोरच्या बागांवरची २००८ ची अट आली. हिशेब साधा आहे. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तुमची ३० चौरस मीटर बाग काँक्रीटखाली गेली आणि २५ मिलिमीटरची एक सर आली, तर ७५० लिटर पाणी थेट रस्त्याकडे धावते. एका घराचे ठीक, पण सगळ्या ओळीने तेच केले तर त्या गटाराला वाली राहत नाही. आणि प्लॅनिंगचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, खासगी जागेतले पाणी फुटपाथवर वाहू देऊ नये यासाठी हायवेज ॲक्टच्या कलम १६३ नुसार तुम्हाला नोटीस येऊ शकते.

रेझिनच्या बाबतीत कंत्राटदाराला दोन प्रश्न विचारा. रेझिन-बाउंड प्रकारात खडी आणि रेझिन आधी एकत्र कालवून थर पसरतात, त्यात पोकळ्या राहतात आणि पाणी खाली जाते. रेझिन-बॉन्डेड प्रकारात मात्र आधी रेझिनचा लेप देऊन त्यावर खडी भुरभुरवतात. तो लेप अखंड असल्यामुळे पाणी मुरत नाही. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे कोटेशनमध्ये प्रकार लिहून घ्या. दुसरा प्रश्न खालच्या थराचा. वरचा थर कितीही सच्छिद्र असला तरी तो जुन्या काँक्रीटवर किंवा साध्या डांबरावर घातला तर पाणी अडणारच. खाली सच्छिद्र डांबर आणि त्याखाली बारीक चुरा नसलेली खडी हवी. रस्त्याच्या कामात सर्रास वापरतात ती टाइप १ खडी दाबली की तिच्यातला चुरा पोकळ्या बुजवून टाकतो, म्हणून टाइप ३ मागा. ब्लॉक बसवणार असाल तर सांध्यांत वाळूऐवजी बारीक ग्रिट भरायला सांगा.

सगळ्यात स्वस्त आणि मला सर्वांत आवडणारा मार्ग म्हणजे फक्त चाकांखाली दोन पक्क्या पट्ट्या आणि बाकी सगळीकडे माती, खडी किंवा झाडे. नुसती खडी करायची असेल तर फुटपाथलगतचा भाग पक्का ठेवा, नाहीतर प्रत्येक फेरीला खडी फुटपाथवर उधळते आणि तक्रार येते.

सोकअवे, म्हणजे पाणी मुरवण्याचा खड्डा, हा पर्याय कोणी सुचवला तर तुमच्याकडे तो बसणार नाही. तो इमारतीपासून किमान ५ मीटर लांब हवा असा संकेत आहे, आणि तुमची सगळी बाग मिळून जेमतेम तेवढी आहे. त्यातून लंडनच्या बऱ्याच भागात खाली चिकणमाती आहे. तिच्यात पाणी सावकाश मुरते आणि ती भिजली की फुगते, सुकली की आकसते, त्यामुळे पायाजवळ एकाच जागी पाणी साठवणे बरे नव्हे. त्यापेक्षा फरशीला हलका उतार देऊन पाणी झाडांच्या वाफ्याकडे वळवा. तो उतार घराकडे नको, हे वेगळे सांगायला नको, पण मी असे पाहिलेले आहे. फरशीची अंतिम पातळी भिंतीतल्या ओलरोधक थराच्या किमान १५० मिलिमीटर खाली राहिली पाहिजे, आणि तळाशी असलेल्या हवेच्या जाळीदार विटा झाकल्या जाता कामा नयेत. जुन्या बागेवर माती न काढता थरावर थर चढवणारे कंत्राटदार इथेच घात करतात: वर्षा-दोन वर्षांनी पुढच्या खोलीच्या भिंतीला ओल येते, आणि घरमालक मात्र छत गळते का म्हणून शोधत बसतो.

आणखी एक: ते प्रिव्हेटचे कुंपण साधारण मार्च ते ऑगस्ट या काळात काढू नका. पक्ष्यांचे वापरात असलेले घरटे मोडणे हा १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि दाट प्रिव्हेट म्हणजे चिमण्यांचे हक्काचे घर.

नकाशेवाला

मधुमालतीताई, ४.५ मीटर हे ऐकून जरा वाईट वाटले, कारण आता तुमचे प्रकरण कठीण गटात गेले.

आडवी गाडी उभी करण्याची कल्पना कागदावर चांगली दिसते. पण एका उतारावरून आत येऊन ४.५ मीटर खोलीच्या जागेत गाडी ९० अंशांत वळवायची तर अनेकदा पुढे-मागे करावे लागते, आणि ते करताना गाडी फुटपाथवर येते. म्हणून बहुतेक कौन्सिली समांतर पार्किंग मान्य करत नाहीत; काही ठिकाणी विशेष अटींवर करतात. शिवाय तुमचा रस्ता बी वर्गाचा आणि बसचा. अशा रस्त्यावर हायवे खात्याची अपेक्षा असते की गाडी तोंड पुढे करून आत यावी आणि तोंड पुढे करूनच बाहेर पडावी, म्हणजे आवारातच वळायला जागा हवी. शांत गल्लीत, हायवे कोडच्या (वाहतुकीच्या नियमपुस्तिकेच्या) नियम २०१ प्रमाणे, उलटी आत घेऊन सरळ बाहेर काढली तरी चालून जाते. बी रस्त्यावर मागे घेण्यासाठी थांबलेली गाडी मागच्या बसला अडवते. दृश्यमानतेचे मोजमापही पाहतात: ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर, कडेपासून २.४ मीटर आत बसलेल्या चालकाला दोन्ही बाजूंना साधारण ४३ मीटर दिसावे असे मार्गदर्शन आहे, आणि तुमच्या एका बाजूला झाडाचे खोड आहे.

म्हणून पूर्ण अर्ज करण्याआधी हायवे खात्याचे आणि प्लॅनिंगचे पूर्वसल्ल्याचे शुल्क भरून लेखी मत घ्या. ते प्रतिकूल आले तर एवढ्यावर थांबता येईल. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नका आणि भिंतीला हात लावू देऊ नका. बाग गेली, भिंत गेली आणि उतार नाकारला गेला, अशी घरे मी पाहिली आहेत. त्यांच्यासमोर फरसबंदी आहे आणि गाडी मात्र रस्त्यावरच आहे.

शेजाऱ्यांच्या उदाहरणाचा उपयोग होत नाही. त्यांचा उतार जुन्या काळी, निकष सैल असताना मंजूर होऊन आधीच्या मालकाकडून त्यांना मिळालेला असू शकतो. किंवा परवानगीशिवाय केलेल्या कामावर कारवाई करण्याची मुदत उलटून गेलेली असू शकते: पूर्वी बांधकामासाठी ती चार वर्षे होती, २५ एप्रिल २०२४ पासून ती दहा वर्षे झाली, आणि त्या तारखेपूर्वी पूर्णत्वास आलेल्या कामांना जुनी मुदत लागू राहिली. तुम्ही आज काम केले तर दहा वर्षे टांगती तलवार राहील, आणि त्याआधी घर विकायला काढले तर खरेदीदाराचे वकील क्रॉसओव्हरच्या मंजुरीचा कागद मागतील.

फाटकाचे उत्तर सोपे आहे: रस्त्यालगत १ मीटर उंचीपर्यंत परवानगीशिवाय चालते, पण ते फुटपाथच्या बाजूला उघडता कामा नये. मात्र फाटक आत उघडायचे तर तेवढी आणखी खोली लागते, जी तुमच्याकडे नाही.

राहिला प्रश्न विजेच्या गाडीचा. तो क्रॉसओव्हरशिवायही सुटू शकतो. काही कौन्सिलींनी घरातून येणारी केबल फुटपाथच्या पातळीखालून रस्त्यापर्यंत नेण्यासाठी झाकणाची अरुंद खाच बसवून द्यायला सुरुवात केली आहे. तुमच्या कौन्सिलीत ती योजना आहे का ते विचारा. केबल फुटपाथवर उघडी टाकून वर चटई अंथरणे हा मात्र उपाय नव्हे. खाच मिळाली तरी समोरची जागा तुमच्या नावाने राखीव होत नाही, हे गृहीत धरूनच निर्णय घ्या.

वेलदोडा (प्रतिसाद)

याच विषयात माझी एक अडचण विचारते. आमचा उतार रीतसर मंजूर आहे, पण शाळा सुटण्याच्या वेळी लोक त्याच्यासमोर गाडी लावून निघून जातात. एकदा तर एक गाडी थेट आमच्या आवारात उभी होती. तक्रार कोणाकडे करावी?

हॅरोकर

उतारासमोर रस्त्यावर लावलेली गाडी हा कौन्सिलचा विषय आहे. २००४ च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्टच्या कलम ८६ नुसार खाली घेतलेल्या कर्बसमोर गाडी उभी करणे हे उल्लंघन आहे आणि कौन्सिलचे कर्मचारी दंडाची चिठ्ठी लावू शकतात. घर एकाच कुटुंबाचे असेल तर त्या घरात राहणाऱ्याच्या संमतीने तिथे गाडी लावता येते, म्हणून कौन्सिल सहसा तुमचा फोन आल्यावरच माणूस पाठवते. ही सूट दोन घरांच्या सामाईक वाटेला लागू नाही, आणि पैसे घेऊन दिलेल्या संमतीलाही नाही. उतारासमोर रस्त्यावर पांढरी रेघ मारून घ्यायची असेल तर शुल्क भरून अर्ज करता येतो. ती रेघ केवळ सूचनावजा असते, पण चालकांच्या नजरेत भरते आणि शाळेच्या वेळी तिचा बऱ्यापैकी उपयोग होतो.

तुमच्या आवारात घुसलेली गाडी मात्र कौन्सिलच्या कक्षेत येत नाही. तो खासगी जागेतला अतिक्रमणाचा दिवाणी वाद ठरतो, आणि गाडी चोरीची किंवा धोकादायक नसेल तर पोलीसही सहसा हात घालत नाहीत. रागाच्या भरात तिच्या चाकाला क्लॅम्प (चाक अडकवणारे कुलूप) लावू नका किंवा तिच्यामागे आपली गाडी लावून ती कोंडू नका. खासगी जागेत परवानगीशिवाय क्लॅम्प लावणे १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंडमध्ये गुन्हा आहे. आमच्याकडे असे एकदा झाले होते, तेव्हा गाडीचा फोटो काढून, काचेवर सभ्य भाषेत चिठ्ठी लावून वाट पाहिली. नंतर प्रवेशाच्या मधोमध किल्लीने खाली पडणारा पार्किंगचा खांब बसवून घेतला. तो आपल्याच जमिनीत, फुटपाथच्या आत असावा लागतो, आणि त्याची एक किल्ली गाडीतच ठेवावी लागते.